मोबाईलवर आपले डोळे कुठं अडकतात? आय-ट्रॅकिंग समजून घेऊ

आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक फॉरवर्ड आला, की फोन आता तुमचे डोळे वाचतात, तुम्ही काय बघता ते सगळं कंपनीला कळतं, लगेच कॅमेऱ्यावर टेप लावा. मामानं खरंच लावली टेप, मग व्हिडिओ कॉलवर चेहरा दिसेना म्हणून काढली. मी नागपुरातच ॲप टेस्टिंगचं काम करते आणि गेली दोन वर्षं डोळ्यांच्या हालचालीवरून ॲप तपासायच्या कामात आहे, त्यामुळे सगळे मलाच विचारायला लागले. प्रत्येकाला वेगळं सांगण्यापेक्षा म्हटलं एकदाच नीट लिहावं, कारण त्या फॉरवर्डमध्ये थोडं खरं आहे, बरंच चुकीचं आहे, आणि जे खरंच कामाचं आहे ते त्यात आलेलंच नाही.

आधी डोळा कसा बघतो ते बघू

हात पूर्ण लांब करा आणि अंगठा उभा धरा. अंगठ्याच्या नखाएवढा जो भाग झाकला गेला, जवळपास तेवढाच भाग आपल्याला एका वेळी खरोखर स्पष्ट दिसतो. बाकी सगळं धूसर असतं, फक्त मेंदू आपल्याला ते जाणवू देत नाही. डोळ्याच्या आतल्या पडद्यावर एक बारीक खळगा असतो, त्याला फोव्हिया म्हणतात, बारीक अक्षर वाचायचं काम त्याच खळग्याचं. फोन आपण साधारण ३० सेंटिमीटरवर धरतो, त्या अंतरावर हा स्पष्ट तुकडा जेमतेम १ सेंटिमीटर रुंद पडतो. म्हणजे लाईट गेल्यावर अंधाऱ्या खोलीत छोटा टॉर्च घेऊन किल्ली शोधतो नं आपण, तसंच आपण फोनच्या स्क्रीनवर बटण शोधत असतो, खोली अख्खी समोर आहे पण उजेड पडतो तेवढंच दिसतं.

हा टॉर्च सरकत सरकत जात नाही, उड्या मारत जातो. शहर बससारखं समजा. बस थांब्यावर उभी राहते तेव्हाच माणसं चढतात, दोन थांब्यांच्या मध्ये कोणी चढत नाही. डोळाही एका जागी साधारण पाव सेकंद थांबतो, तेवढ्यात माहिती आत घेतो, मग सेकंदाच्या अगदी थोड्या भागात उडी मारून पुढच्या जागी जातो. उडी चालू असताना आपल्याला जवळपास काहीच दिसत नाही. खोटं वाटत असेल तर आरशासमोर उभं राहून एकदा डाव्या डोळ्याकडे बघा, एकदा उजव्या. स्वतःचे डोळे हलताना तुम्हाला कधीच दिसणार नाहीत, शेजारी उभ्या माणसाला मात्र स्पष्ट दिसतील. या उड्या १८७० च्या दशकात फ्रान्सच्या एमिल जाव्हाल या नेत्रतज्ज्ञानं वाचणाऱ्या माणसांबद्दल लिहिताना जगासमोर आणल्या. अभ्यासात थांब्याला फिक्सेशन आणि उडीला सॅकेड म्हणतात, पण मी पुढं थांबा आणि उडी एवढंच म्हणणार आहे.

आय-ट्रॅकिंग म्हणजे हे थांबे आणि उड्या नोंदवणं, बास.

यंत्र डोळा पकडतं कसं

सुरुवातीला हे फार त्रासाचं होतं. १९ व्या शतकाच्या शेवटी एडमंड ह्यूई या अमेरिकन अभ्यासकानं डोळा बधिर करून बुबुळावर भोक पाडलेली वाटी बसवली होती आणि तिला ॲल्युमिनियमची बारीक काडी जोडली होती, डोळा हलला की काडी हलायची आणि नोंद व्हायची. आज डोळ्याला कोणी हातही लावत नाही. ट्यूबलाईटखाली कोणाच्या डोळ्यात बघितलं तर एक पांढरी चमक दिसते बघा. माणसानं डोकं न हलवता फक्त नजर फिरवली तर बाहुली सरकते, पण चमक जवळपास तिथंच राहते. या दोघांमधलं अंतर आणि दिशा मोजली की नजर कुठं आहे ते काढता येतं. यंत्रात ट्यूबलाईटऐवजी डोळ्याला न दिसणारा इन्फ्रारेड प्रकाश असतो आणि कॅमेरा सेकंदाला ६० वेळा, कधी १२०, कधी त्याहून जास्त वेळा डोळ्याचा फोटो घेतो.

पण प्रत्येकाच्या डोळ्याची ठेवण वेगळी, म्हणून सुरुवातीला स्क्रीनवर एकेक ठिपका दाखवतात आणि त्याकडे बघायला सांगतात. याला कॅलिब्रेशन म्हणतात. टेलर माप घेतल्याशिवाय ब्लाऊज शिवत नाही, तसंच हे. इथंच अर्धी मेहनत जाते. चष्म्याची काच चमकते, बायफोकलमध्ये तर काचेच्या रेघेनं बाहुली दोन ठिकाणी तुटल्यासारखी दिसते, डोळ्यात गडद काजळ असलं की यंत्र त्यालाच बाहुली समजायला लागतं.

मोबाईलसाठी हे तीन पद्धतीनं करतात. एक, फोन स्टँडवर बसवायचा आणि खाली यंत्र ठेवायचं. दोन, माणसाला कॅमेरे लावलेला चष्मा घालायला द्यायचा आणि फोन त्याच्या हातातच राहू द्यायचा. तीन, फोनचाच पुढचा कॅमेरा वापरायचा, वेगळं यंत्र नाही. पहिल्यात मोजमाप चांगलं येतं पण माणूस अवघडून बसतो. दुसऱ्यात माणूस मोकळा राहतो पण डोकं आणि फोन दोन्ही हलत असल्यानं नंतर कोणता थांबा स्क्रीनवर नेमका कुठं पडला हे जुळवत बसावं लागतं. तिसरी पद्धत स्वस्त आहे, तिच्याबद्दल पुढं सांगते.

मोठी आई आणि ते फिकं बटण

आमची मोठी आई नागपूरच्या महाल भागात राहते, वय ६८. लाईटचं बिल भरायला दर महिन्याला मला फोन करते, "मला नाही समजत बाप्पा हे, तूच भरून दे." आमच्याकडे तेव्हा बिल भरायच्या एका ॲपची टेस्टिंग चालू होती, खरी मंडळी यायच्या आधी सेटिंग बरोबर आहे का बघायला एक माणूस पाहिजे होता, तर मी तिलाच घेऊन गेले. काजळ पुसायला लावलं तर रागावली थोडी. बायफोकलमुळे ठिपक्यांचं काम तीनदा करावं लागलं. मग फोनवर ॲप उघडून दिलं आणि फक्त एवढंच सांगितलं, बिल भर.

मी शेजारच्या स्क्रीनवर तिची नजर बघत होते, एक छोटा निळा गोळा फोनच्या चित्रावर उड्या मारत होता. वर जाहिरातीची रंगीत पट्टी सरकत होती, तिथं ती एकदा गेली आणि परत फिरकली नाही. मग ग्राहक क्रमांकावर गेली आणि तिथून हळूहळू पुढं सरकली, एकेक आकडा वाचत होती. मग नाव, मग रक्कम, रक्कम दोनदा. मग खाली उजव्या कोपऱ्यात, जिथं राखाडी अक्षरात "प्रोसीड करा" लिहिलं होतं, गोळा तिथं जाऊन थांबला. मला वाटलं आता दाबेल. नाही दाबलं. परत रकमेवर, परत वरच्या तीन रेघांच्या खुणेवर, परत "प्रोसीड करा"वर, तिथं खूप वेळ, आणि परत वर. असं तीनदा झालं. शेवटी फोन खाली ठेवला आणि म्हणाली, जाऊ दे, नाही जमत मला.

नंतर तेच रेकॉर्डिंग तिला दाखवून विचारलं, इथं एवढा वेळ काय बघून राहिली होती तू? तर म्हणाली, "ते फिकं दिसून राहिलं होतं नं, मला वाटलं बंद आहे. आधी दुसरीकडे काही भरावं लागेल, मग ते सुरू होईल." आणि मग जरा थांबून, "म्हणजे मी बरोबर जागीच पाहत होती?"

होय. अगदी बरोबर जागी. आणि तिचा अंदाजही शहाणपणाचाच होता, कारण दुसऱ्या कितीतरी ॲपमध्ये फिकं बटण म्हणजे बंद बटणच असतं.

आता हा सगळा खटाटोप कशासाठी ते सांगते. ॲप बनवणाऱ्यांकडे साध्या नोंदीत एवढंच येतं, की ग्राहक या पानावर आला, दीड मिनिट थांबला, बटण न दाबता निघून गेला. पण बटण न दाबण्याची कारणं निदान तीन असू शकतात. नजर बटणावर गेलीच नाही, म्हणजे जागा चुकली. नजर गेली पण ते बटण आहे किंवा आपल्या कामाचं आहे हे कळलं नाही, म्हणजे रूप किंवा शब्द चुकला. किंवा नजर गेली, कळलंही, पण बोट शेजारी पडलं, म्हणजे आकार चुकला. ताप तिघांनाही आहे पण एकाला मलेरिया, एकाला टायफॉइड आणि एकाला ऊन लागलंय, औषध एकच देऊन चालेल का? नोंदीत फक्त ताप दिसतो, नजरेच्या रेकॉर्डिंगमुळे कोणता ताप ते शोधायला सुरुवात करता येते. मोठ्या आईच्या बाबतीत कोणी बटण उचलून वर नेलं असतं तर काही उपयोग नव्हता, जागा ठीकच होती, रंग आणि शब्द चुकला होता.

या सगळ्याला वापरसुलभता म्हणतात. माणसाचं काम पूर्ण होतं का, किती वेळ आणि डोकेफोड लागते, आणि काम झाल्यावर त्याला बरं वाटतं का, एवढंच त्यात मोजायचं असतं.

"पण लोकांना विचारलं तर सांगतीलच की"

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त येतो. नाही सांगत लोक, आणि खोटं बोलतात म्हणून नाही, त्यांना माहीतच नसतं म्हणून. सेकंदाला तीन-चार उड्या आपण लक्षात ठेवू शकत नाही. शिवाय आपल्याकडे समोरच्याचं मन राखायची सवय, चांगलं आहे ॲप, छान आहे, असंच म्हणतात बहुतेक जण, आणि जमलं नाही की दोष स्वतःवर घेतात.

विमानाच्या लोकांना हे फार आधी कळलं होतं. १९४७ च्या सुमारास अमेरिकेत पॉल फिट्स या मानसशास्त्रज्ञानं आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हवाई दलाचे वैमानिक विमान उतरवत असताना त्यांच्या डोळ्यांचं चित्रीकरण केलं, समोरच्या मीटरच्या कोणत्या काट्याकडे किती वेळा आणि किती वेळ बघतात ते मोजलं, आणि त्यावरून काटे कुठं बसवावेत हे ठरवता येऊ लागलं. वैमानिक तर ट्रेनिंग घेतलेला माणूस, तरी त्याला दोष न देता आधी काट्यांची मांडणी तपासली. मग माझ्या मोठ्या आईसाठी का नाही?

लाल-पिवळ्या नकाशाला भुलू नका

आय-ट्रॅकिंग म्हटलं की ते रंगीत चित्र दाखवतात, जिथं जास्त बघितलं तिथं लाल, कमी तिथं हिरवं. याला हीटमॅप म्हणतात. कस्तुरचंद पार्कच्या मैदानात लोक चालून चालून गवतात पायवाटा पडतात तसं समजा, जिथं जास्त पावलं तिथं जास्त झिजलेलं. दिसायला मस्त, मीटिंगमध्ये सगळ्यांना आवडतं, पण त्यावरून घाईनं निष्कर्ष काढणं मला बिलकुल पटत नाही. पायवाट सांगते लोक इथून गेले, का गेले ते सांगत नाही. मोठ्या आईच्या चित्रात "प्रोसीड करा" लालभडक होतं. कोणी म्हणालं असतं, वा, बटण किती लक्ष वेधून घेतंय! खरं तर ती तिथं अडकली होती. लांब थांबा म्हणजे आवड पण असू शकते, गोंधळ पण, आणि कधी नुसती नजर लागलेली असते, मन भाजीत मीठ घातलं का याचा विचार करत असतं.

१९८० मध्ये मार्सेल जस्ट आणि पॅट्रिशिया कार्पेंटर या मानसशास्त्रज्ञांनी मांडलं की डोळा जिथं आहे तिथंच मन काम करत असतं. वाचण्याच्या बाबतीत हे बऱ्यापैकी जुळतं, म्हणून तर या पद्धतीला अर्थ आहे, पण दरवेळी जुळत नाही. म्हणून रेकॉर्डिंग दाखवून माणसाला बोलतं करणं मला नकाशापेक्षा मोलाचं वाटतं.

दुसरी गोष्ट, काम काय दिलं त्यावर नजर बदलते. रशियाच्या आल्फ्रेड यार्बुस या शास्त्रज्ञानं इल्या रेपिन या चित्रकाराचं एकच चित्र एकाच माणसाला दाखवून वेगवेगळे प्रश्न विचारले. या लोकांची वयं काय असतील विचारलं तर नजर चेहऱ्यांवर फिरली, घरची परिस्थिती कशी असेल विचारलं तर सामानावर आणि कपड्यांवर. चित्र तेच, डोळे तेच, वाट वेगळी. सीताबर्डीच्या मेन रोडवर नुसतं फिरायला गेलात तर वेगळं दिसतं आणि चपलेचं दुकान शोधत गेलात तर वेगळं, नाही का. म्हणून "ॲप बघा जरा" असं सांगून केलेली टेस्ट जवळपास फुकट जाते, "बिल भरा" असं ठोस काम द्यावंच लागतं.

मोबाईलवरच एवढं अवघड का?

चांगल्या यंत्राचीही नजर ओळखण्यात अर्धा ते एक अंश चूक होते. अंश म्हणजे काय ते सोडा, फोनच्या अंतरावर ती चूक साधारण अडीच ते पाच मिलिमीटर पडते. फोनच्या कीबोर्डवरचं एक अक्षर ६ मिलिमीटरच्या आसपास रुंद असतं. म्हणजे माणूस "क" बघतोय का शेजारचं अक्षर हे ठामपणे सांगता येत नाही, दोन जवळच्या ओळींतली कोणती वाचतोय हेही नाही. कोणी तुम्हाला मोबाईलवर अक्षरानिशी नजर सांगतो म्हणाला तर जरा सांभाळून. बटण, पट्टी, फोटो एवढ्या मोठ्या भागांपुरतं मात्र व्यवस्थित सांगता येतं. त्यात पान बोटानं वर सरकतं, म्हणजे नजर एकाच जागी असली तरी खालचा मजकूर बदललेला असतो, आणि अंगठा तर अर्धा वेळ खालच्या कोपऱ्यावर आडवाच असतो.

आणि मग आपलं ऊन. सूर्यप्रकाशात इन्फ्रारेड भरपूर असतो, त्यामुळे यंत्राची ती छोटी चमक त्यात हरवून जाते, उन्हात बाहुली आकसते, माणूस डोळे बारीक करतो, पापणी खाली येते. आम्ही एकदा एप्रिलमध्ये दुपारी व्हरायटी चौकात चष्मा घालून प्रयत्न केला होता, अर्ध्याहून जास्त नोंद वायाच गेली. पण खरी अडचण तर तिथंच आहे नं! ४५ डिग्रीत, डोक्याला दुपट्टा बांधून, स्क्रीनवर चकाकी पडलेली असताना मेट्रोचं तिकीट काढणारा माणूस फिकं राखाडी बटण कसं शोधतो हे एसी खोलीत कळणार नाही. आम्ही मग संध्याकाळी, सावलीत, प्लॅटफॉर्मच्या आत असं करत करत जमवलं, आणि भर उन्हासाठी यंत्र बाजूला ठेवून शेजारी उभं राहून नुसतं बघितलं.

मराठीचा एक वेगळा त्रास आहे, त्याबद्दल कोणी फार बोलत नाही म्हणून सांगते. आपल्या अक्षरांना वर वेलांटी, मात्रा, खाली उकार. छोट्या बटणात डिझाईन करणारे इंग्रजीच्या उंचीनं जागा ठेवतात, मग वरची मात्रा कापली जाते आणि "पुढे"चं "पुढ" होतं. भाषांतर लांब झालं की शेवटी तीन टिंबं येतात, "व्यवहार रद्द…" एवढंच दिसतं, रद्द करा का रद्द झाला ते कळत नाही. अशा जागी आमच्या रेकॉर्डिंगमध्ये नजर हमखास मागे फिरलेली दिसते, एकच शब्द दोनदा-तीनदा वाचलेला. मराठीत टाईप करून, मराठी माणसाला बसवून तपासल्याशिवाय हे सापडत नाही.

मग फोन गुपचूप डोळे बघतो का?

मामाच्या टेपेकडे येते. फोनच्या साध्या कॅमेऱ्यावरून नजर ओळखता येते, हे खरं आहे. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या आणि जर्मनीतल्या संशोधकांनी १४०० हून जास्त लोकांचे जवळपास २५ लाख फोटो वापरून कॉम्प्युटरला हे शिकवलं, तेव्हा फोनवर कॅलिब्रेशन न करता चूक पावणेदोन सेंटिमीटरच्या आसपास होती, म्हणजे बटण सोडा, कोणता कोपरा एवढंच कळायचं. २०२० मध्ये गुगलच्या संशोधकांनी कॅलिब्रेशन करून ती ०.४६ सेंटिमीटरवर आणली. २०२४ मध्ये ॲपलनं आयफोनमध्ये नजरेनं फोन चालवायची सोय दिली, ती ज्यांचे हात चालत नाहीत त्यांच्यासाठी, स्वतः सेटिंगमध्ये जाऊन सुरू करावी लागते, आणि कंपनीच्या म्हणण्यानुसार ही माहिती फोनमध्येच राहते. हात गमावलेल्या माणसाला स्वतःचा फोन स्वतः लावता येणं किती मोठी गोष्ट आहे, आणि फॉरवर्डमध्ये नेमकी ती भीतीदायक करून टाकली.

पण ॲपला नजर ओळखायची असेल तर कॅमेरा लागतो, आणि कॅमेऱ्याला तुमची परवानगी लागते. अँड्रॉइड १२ पासून आणि आयफोनच्या आयओएस १४ पासून कॅमेरा चालू असला की वर हिरवा ठिपका येतो. टेप नको, परवानग्या तपासा. टॉर्चच्या किंवा कॅलेंडरच्या ॲपला पुढचा कॅमेरा कशाला पाहिजे? काढून टाका. काळजी अगदीच अनाठायी नाही, नजरेवरून माणसाला कशात रस आहे, थकलाय का, असं बरंच काही ताडता येतं, म्हणून ही माहिती जपूनच ठेवायला पाहिजे. भारतात २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा मुख्यतः संमतीवर उभा आहे. टेस्टला येणाऱ्या प्रत्येकाला आम्ही मराठीत लिहिलेला कागद वाचून दाखवतो, काय रेकॉर्ड होणार, कोण बघणार, कधी पुसणार, आणि मध्येच उठून जाता येतं हेही. मोठ्या आईलाही दाखवला, घरची आहे म्हणून सोडलं नाही.

एवढी महागडी यंत्रं छोट्या ॲपवाल्यांनी आणायची कुठून?

चांगली यंत्रं लाखांत जातात, हे खरंच. पण मोठे घोटाळे सापडायला पाच-सहा माणसं शेजारी बसवून पाहिलं तरी पुरतं, रंगीत नकाशावर विश्वास ठेवायचा असेल तर मात्र तीस-चाळीस तरी लागतात. पैसे कमी असतील तर नकाशा सोडा, माणसं बसवा. आईला, काकांना, शेजारच्या आजोबांना एक काम द्या, शेजारी बसा, काही बोलू नका, आणि सगळ्यात कठीण म्हणजे त्यांच्या हातातून फोन घेऊ नका. जिथं बोट हवेत थांबतं ती जागा लिहून ठेवा. नंतर विचारा, इथं काय वाटलं होतं?

त्या बिलाच्या ॲपवाल्यांना आम्ही रिपोर्टबरोबर तीन माणसांचं रेकॉर्डिंग पाठवलं होतं, त्यांची परवानगी घेऊन. पुढच्या अपडेटमध्ये बटण गडद निळं झालं, आडवं, अंगठ्याला सहज सापडेल एवढं. मोठी आई आता बिल स्वतः भरते, भरलं की ग्रुपवर स्क्रीनशॉट टाकते. शब्द मात्र अजून "प्रोसीड करा"च आहे, तिथं साधं "बिल भरा" लिहा म्हणून मी परत मेल केलाय.